साजिरा नव्हे, नुसता गोजिरा!

"आबा, गोजिरा लावू का?" असे आमच्या नातवाने पहिल्यांदा विचारले, तेव्हा स्वयंपाकघरातून त्याची आजी कौतुकाने म्हणाली, "लाव की रे राजा. कोणाचं बाळ आहे?"

वाचकहो, तिची काय चूक? मराठी माणसाने 'गोजिरा' म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहते ते टाळूवर तेल थापलेले, गालाला तीट लावलेले एखादे साजिरे बाळ. पडद्यावर आले ते बाळ उभे राहिल्यावर पन्नास मीटर उंच होते, त्याच्या पाठीवर निवडुंगाच्या फड्यांसारखे काटे होते आणि ते आगगाडीचा डबा तोंडात धरून उभे होते. आमच्या सौभाग्यवतींनी हातातली पळी तशीच धरून क्षणभर पाहिले आणि निकाल दिला, "याची दृष्ट काढायला मीठमोहऱ्या पोत्याने लागतील!"

हा गोजिरा जपानचा. गोरिलाला तिकडे 'गोरिरा' म्हणतात आणि देवमाशाला 'कुजिरा'. दोहोंची सांधेजोड करून 'गोजिरा' हे नाव झाले. पुढे परदेशांसाठी त्याचे 'गॉडझिला' झाले आणि त्याच नावाने जग त्याला ओळखू लागले. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी तोहो कंपनीने त्याचा पहिला चित्रपट लावला. तेव्हापासून २०२४ अखेरपर्यंत जपानने तेहेतीस आणि अमेरिकेने पाच असे अडतीस चित्रपट या एका राक्षसावर काढले. एवढ्या पसाऱ्यातून दिवाळीच्या सुटीत घरच्या मंडळींनी कोणते पाहावेत, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकविलेल्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे तुम्ही विचाराल. त्याचेही कारण सांगतो.

आम्ही राहतो भिंगारला. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी जुन्या माणसांच्या तोंडातून 'नगर' जात नाही, त्याबद्दल क्षमा असावी. नगर हे रणगाड्यांचे गाव. चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र इथलेच. तोफांचा सराव सुरू झाला की लांबून धाड्‌ धाड्‌ असा आवाज येतो, आणि त्या आवाजात इथली पोरे निर्धास्त झोपतात. इथे १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. त्यात सेंच्युरियन आहे, पाकिस्तानचा पॅटन आहे आणि महायुद्धातला जपानी रणगाडाही आहे. माझा मुलगा लहानपणी त्या रणगाड्यांपुढून हलत नसे; पुढे तो फौजेतच गेला. नातू आणि सूनबाई आमच्यापाशी असतात.

२०२५ च्या मे महिन्यात, ७ तारखेपासून १० तारखेपर्यंत, सरहद्दीवर काय घडले ते सर्वांना माहीत आहे. मुलगा तिकडेच कुठेतरी होता. कुठे, ते ठाऊक नव्हते. चार दिवस फोन नाही. टीव्हीवरच्या बातम्या तर अशा, की त्या ऐकून माणूस शहाणा होण्याऐवजी घाबरा व्हावा. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी बातम्या बंद केल्या. तेव्हा सहावीतल्या नातवाने हा गोजिरा लावला. आणि आम्ही चौघे, कोणी कोणाकडे न पाहता, पडद्याकडे पाहत बसलो. तेव्हा सुरू झालेले प्रकरण दिवाळीपर्यंत चालले.

राक्षसांची मला ओळख नव्हती असे नाही. माझे मूळ गाव पाथर्डी तालुक्यातले. मढीला कानिफनाथांच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष, खाली धुरळा आणि बाहेर इंजिनाची फटफट. बाबूभाई मिस्त्रींनी दिग्दर्शित केलेला १९६१ चा 'संपूर्ण रामायण' मी तिथेच पाहिला. कुंभकर्ण जागा झाला तेव्हा पुढे बसलेली आम्ही पोरे ढुंगणावरच मागे सरकलो होतो. आमच्याच नगरात १९१८ साली एका ख्रिस्ती घरात जन्मलेले शाहू मोडक पडद्यावर कृष्ण होऊन आले की म्हाताऱ्या हात जोडत. देव आणि दैत्य दोघेही आम्हांला तंबूतच भेटले. १९६६ साली समुद्रातून निघून मुंबईवर चालून येणाऱ्या राक्षसाचा 'गोगोला' नावाचा हिंदी चित्रपटही निघाला होता. थोडक्यात, जपान्यांनी काही आकाशातून आणलेले नव्हते.

परंतु एक फरक होता. आमचा कुंभकर्ण का जागा झाला हे सर्वांना ठाऊक असते. गोजिरा का जागा झाला?

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. हिरोशिमावरील बाँबच्या सुमारे हजारपट ताकदीचा तो स्फोट होता. त्याची राख दूरवर असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीचे नाव मोठे दैवदुर्विलासाचे, 'भाग्यवान ड्रॅगन, क्रमांक पाच'! तीवरचे तेवीसही खलाशी आजारी पडले, आणि त्यांपैकी कुबोयामा नावाचा खलाशी सप्टेंबरात वारला. त्यानंतर सहाच आठवड्यांनी गोजिरा पडद्यावर आला. चित्रपटाची सुरुवातच समुद्रात जळणाऱ्या एका बोटीने होते. प्रेक्षकांना खूण पटली असणारच.

हे वाचताना मला एकदम आमचा किल्ला आठवला. नगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत पंडित नेहरू बंदिवान होते. त्यांची खोली दाखवायला मी किती वर्षे मुलांना रांगेने नेले आहे! त्याच नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत, निदान या चाचण्या तरी ताबडतोब थांबवा, अशी मागणी जगापुढे मांडली. बिकिनीच्या स्फोटाला जेमतेम महिना झाला होता. एकाच राखेतून दिल्लीत एक भाषण निघाले आणि तोक्योत एक राक्षस निघाला. राक्षस अधिक दूरवर पोहोचला, हे इतिहासाच्या मास्तराला कबूल करावे लागते.

आता निवडीकडे वळू. भांडणे नकोत म्हणून आम्ही तीन कसोट्या ठरविल्या. राक्षस आला त्याला काही कारण आहे काय? त्याच्या पायांखालची माणसे खरी वाटतात काय? आणि तिसरी कसोटी आजीची: चित्रपट संपल्यावर त्याविषयी बोलावेसे वाटते काय? या तिहेरी चाळणीतून अडतिसांपैकी बहुतेक खाली गळाले.

जे गळाले त्यांत नातवाचे लाडके पुष्कळ होते. १९६५ च्या चित्रपटात गोजिरा परग्रहावर जाऊन लढाई जिंकतो आणि आनंदाने उड्या मारीत नाचतो. नातू लोळून हसला. पण कारण विचारले तर सांगता येईना. १९६७ साली गोजिराला एक पोर दिले आहे. बापासारखा अग्नी फुंकायचा प्रयत्न करते आणि तोंडातून धुराची वर्तुळे सोडते. "हे खरं गोजिरं," असे म्हणत आजीने ते पाहिले, आणि मग त्याचे तोंड नीट दिसल्यावर शब्द मागे घेतला. १९६८ च्या चित्रपटात अकरा राक्षस एकाच वेळी आहेत. आठवडी बाजार भरावा तसे झाले आहे. कोणाला पाहावे ते समजत नाही. १९९८ चा अमेरिकन गॉडझिला मासे खातो आणि लढाऊ विमानांच्या क्षेपणास्त्रांनी मरतो. नातवाने त्याला "पाल" म्हटले आणि विषय संपविला.

उरले पाच. ते काळाच्या क्रमाने सांगतो.

पहिला : 'गोजिरा', १९५४

दिग्दर्शक इशिरो होंडा. हे गृहस्थ युद्धातून परत येताना बेचिराख हिरोशिमातून गेले होते, आणि ते त्यांच्या चित्रपटात जागोजाग दिसते. राक्षसाची करामत एइजी त्सुबुराया यांची. त्यांना १९३३ च्या 'किंग काँग'प्रमाणे बाहुली इंच इंच हलवून चित्रे घ्यायची होती. पण तेवढा वेळ नव्हता. म्हणून सुमारे शंभर किलोचा रबरी पोशाख केला आणि त्यात हारुओ नाकाजिमा या नटाला घातले. या भल्या माणसाने प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती कसा पाय टाकतो ते पाहिले. इमारती पंचविसाव्या हिश्शाने लहान बांधल्या आणि कॅमेरा भरधाव फिरविला, म्हणजे पडद्यावर चाल संथ आणि जड दिसते. आणि ती डरकाळी? कातडी हातमोज्याला राळ लावून तो एका मोठ्या तंतुवाद्याच्या सैल तारांवरून ओढला, एवढेच! संगीतकार अकिरा इफुकुबे यांची ती युक्ती.

पण हे सारे विसरायला होते ते इस्पितळाच्या दृश्यात. एका लहान मुलाजवळ किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र नेतात, आणि ते कडकड वाजू लागते. डॉक्टर नुसती मान हलवितो. त्याच्या आधीच्या रात्री एक आई मुलांना कुशीत घेऊन भिंतीशी बसलेली असते आणि त्यांना सांगते, की आता आपण लौकरच बाबांकडे जाणार. हे दृश्य आले तेव्हा सूनबाई उठून पाणी प्यायला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

रणगाडे येतात, गोळे टाकतात आणि मेणासारखे वितळतात. नातवाने विचारले, "आबा, खरे रणगाडे असे नाही ना वितळत?" मी म्हटले, "ही खेळण्यातली आहेत बाळ, पंचविसाव्या हिश्शाची." सुदैवाने ते खरे होते.

शेवट सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. डॉक्टर सेरिझावा नावाच्या शास्त्रज्ञाने पाण्यातील प्राणवायूच नष्ट करणारे भयंकर द्रव्य शोधून काढलेले असते. ते वापरले तर गोजिरा मरेल; पण एकदा वापरले की जगातील सत्ताधीश ते आपल्याकडून काढून घेतील, ही त्याला भीती. शेवटी तो सारे कागद जाळतो, ते द्रव्य घेऊन समुद्रतळाशी जातो आणि स्वतःची दोरी कापून घेतो. राक्षसाबरोबर शोध मरतो आणि शोधाबरोबर शोधकर्ता.

दुसरा : 'मोथ्रा विरुद्ध गोजिरा', १९६४

ही आजीची निवड, आणि ती योग्य आहे. वादळानंतर किनाऱ्याला एक प्रचंड अंडे लागते. कोळी ते एका व्यापाऱ्याला विकतात, आणि तो त्याभोवती कुंपण घालून तिकीट लावायची तयारी करतो. अंडे मोथ्रा नावाच्या महाकाय पतंगाचे. तिच्या बेटावरून दोन वीतभर उंचीच्या जुळ्या बहिणी येतात आणि अंडे परत मागतात. कोणी देत नाही. मग जेव्हा गोजिरा येतो, तेव्हा तीच माणसे तोंड वर करून मोथ्राकडे मदत मागायला जातात! म्हातारी, थकलेली मोथ्रा तरीही येते, अंड्याच्या रक्षणासाठी लढते आणि अंड्यावर पंख पसरून मरते. मग अंड्यातून दोन अळ्या निघतात आणि रेशमाच्या धाग्यांनी गोजिराला गुंडाळून समुद्रात लोटतात.

"आईचं करून गेली," आजी एवढेच म्हणाली. त्या रात्री ती फोनजवळच झोपली.

तिसरा : 'गोजिरा विरुद्ध हेदोरा', १९७१

यावर घरात माझे एकट्याचे मत पडले. हेदोरा हा घाणीचा राक्षस. कारखान्यांचे सांडपाणी आणि धूर पिऊन तो वाढतो. प्रथम पाण्यात पोहतो, मग जमिनीवर रांगतो, मग आकाशात उडतो, आणि ज्यांच्यावरून उडतो ती माणसे गुदमरून पडतात. त्या काळी जपानात कारखान्यांच्या धुराने दमा जडलेली गावे होती. दिग्दर्शक योशिमित्सु बान्नो यांनी ते सारे यात ओतले. गोजिरा तोंडातील ज्वालेच्या जोरावर उलटा उडतो, तो प्रकार हास्यास्पद आहे हे मान्य. पण सीनेच्या काठाने मी रोज सकाळी फिरतो. नदीचा वास आला की मला तो चित्रपट आठवतो. कारण असलेला राक्षस म्हणतात तो हाच, आणि याला आणायला बाहेरून कोणी बाँब टाकला नाही. आपणच त्याला दूध पाजले.

चौथा : 'शिन गोजिरा', २०१६

हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांचा हा चित्रपट म्हणजे सरकारी कचेरीचा तमाशा. राक्षस नदीतून शहरात शिरतो आहे आणि अधिकारी या खोलीतून त्या खोलीत बैठक हलवीत आहेत. तो जमिनीवर येणार नाही, असे पंतप्रधान जनतेला सांगतात, आणि सांगून होण्यापूर्वीच तो येतो. गोळी झाडायची तर परवानगी कोणत्या कलमाखाली? ज्याने सात-बाराच्या उताऱ्यासाठी कधी खेटे घातले असतील, त्याला भाषांतराची जरुरी पडणार नाही. २०११ साली जपानात भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा अणुकेंद्राचा अपघात लागोपाठ झाले. त्यांची सावली या चित्रपटावर आहे. पण गंमत अशी, की शेवटी राक्षसाला थांबवितात तेही बाबूच. ज्यांना वरिष्ठ विक्षिप्त समजत असे हुशार कारकून आणि शास्त्रज्ञ रात्रंदिवस जागून एक औषध शोधतात, आणि पंपाच्या गाड्यांनी ते त्याच्या तोंडात ओतून त्याला गोठवितात.

पाचवा : 'गोजिरा मायनस वन', २०२३

दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी. यांतील राक्षसाची करामत सुमारे पस्तीस माणसांनी केली, आणि त्यासाठी मार्च २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले. या विभागात जपानी चित्रपटाला मिळालेले ते पहिलेच.

१९४५ साल. शिकिशिमा हा आत्मघातकी हल्ल्यासाठी निवडलेला वैमानिक. विमान बिघडल्याचा बहाणा करून तो उतरतो, कारण त्याला मरायचे नसते. घरी येतो तो तोक्योची राख झालेली, आईबाप गेलेले, आणि शेजारीण विचारते, तू जिवंत कसा? अशा माणसाच्या वाट्याला गोजिरा येतो. सरकार हतबल. मग पराभूत नौदलातील जुने लोक स्वखुशीने एकत्र येतात आणि ठरवितात, की या वेळी कोणालाही मरू द्यायचे नाही. युद्धात माणसांच्या जिवाची किंमत फार स्वस्त केली होती. शिकिशिमा मात्र बाँब भरलेले विमान घेऊन राक्षसाच्या तोंडात शिरायला निघतो. सेरिझावासारखाच.

१० मेच्या दुपारी आम्ही हे पाहत होतो. कोणी बोलत नव्हते. विमान तोंडात शिरले, स्फोट झाला, आणि आकाशात एक हवाई छत्री उघडली. विमान दुरुस्त करणाऱ्या माणसाने आसनाला बाहेर फेकण्याची सोय बसविली होती आणि वैमानिकाला बजावले होते, की जगून ये.

नातू उठून उभा राहिला. "परत आला!" एवढेच ओरडला.

त्याच रात्री साडेनऊला फोन वाजला. आजीने उचलला आणि तिला बोलताच येईना, म्हणून सूनबाईंनी घेतला, मग मी, आणि शेवटी नातू. मुलाने विचारले असावे, काय केलंस चार दिवस? हा म्हणाला, "गोजिरा पाहिला. शेवटी तो परत येतो." पलीकडून प्रश्न आला असणार, कारण हा म्हणाला, "राक्षस नाही हो बाबा, विमानवाला!"

आता पहिला क्रमांक कोणाचा, एवढेच राहिले. आणि त्यावर आजोबा-नातवाचे भांडण सहा महिने चालू आहे. मी म्हणतो, १९५४. मूळ ते मूळ. सेरिझावाला मरणे भाग होते, कारण कागद जाळले तरी विद्या डोक्यात राहते. नातू म्हणतो, "मग गप्प बसायचं! डोक्यातलं कोणाला सांगायचं नाही. मरायचं कशाला?" मी त्याला सांगितले, की माणसाला बोलते करण्याचे पुष्कळ मार्ग जगात आहेत. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मग त्याच्या मित्रांनी त्याला लपवायला पाहिजे होतं." हजारो मुलांना मी इतिहास शिकविला, पण याला उत्तर मला अजून सुचलेले नाही. १९५४ च्या लोकांनी शास्त्रज्ञाला मरू दिले, आणि एकोणसत्तर वर्षांनी त्यांच्या नातवंडांनी वैमानिकाला छत्री दिली. कदाचित त्यांनाही कोणी घरी असाच प्रश्न विचारला असेल.

म्हणून माझा सल्ला असा. सुटीच्या पहिल्या रात्री १९५४ चा पाहा, दिवे मालवून. मधले तीन आपल्या सोयीने. शेवटच्या रात्री २०२३ चा पाहा, आणि तो घरातल्या सर्वांनी मिळून पाहा. सर्वांत थोर चित्रपट पहिला, हे माझे मत मी बदललेले नाही. पण घरात कोणी लांबच्या नोकरीवर असेल, तर शेवटचाच पुन्हा लावावासा वाटेल, हेही सांगून ठेवतो.

मुलाला दिवाळीची रजा मिळाली आहे. पंच म्हणून त्यालाच नेमले आहे. नातवाने दोन्ही चित्रपट काढून ठेवले आहेत आणि आजीने चकलीची भाजणी भाजली आहे. काल तिला विचारले, की तुझे मत कोणाला? ती म्हणाली, "माझा गोजिरा परवाच्या गाडीने येतोय. आधी त्याला जेवू तरी द्या."